रिकाम्या नळ्यांचं बिल

जानेवारी २०२६ मध्ये माझ्या पीएच.डी.ची अधिसूचना, म्हणजे पदवी मिळाल्याची विद्यापीठाची घोषणा, निघाली. विषय होता माळव्यातल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या आतड्यातले जीवाणू. प्रवेश परीक्षा दिली होती २०२१ च्या सप्टेंबरात. मधल्या वर्षांत इंदूरमधल्या बऱ्याच जणींनी, विशेषतः नोकरी-संसार सांभाळून चाळिशीत संशोधनाला लागू पाहणाऱ्यांनी, "हे नक्की करतात कसं गं?" असं विचारलं. प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत होते, ते आता सलग लिहून काढते. कागदांचा भाग विद्यापीठागणिक थोडा बदलेल. अळीचा भाग बदलणार नाही.

मी अतिथी विद्वान आहे. महाराष्ट्रात ज्याला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणतात, त्याचं हे मध्य प्रदेशातलं भारदस्त नाव. मानधन हजेरीच्या दिवसांवर. म्हणजे प्रयोगशाळेत घालवलेला कामाचा दिवस स्वतःच्या खिशातून जातो. हे घरी आधीच बोलून घेतलं होतं, म्हणून पुढे त्यावरून कुरबुर झाली नाही. मुदतीची भीती असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची, पण यूजीसीच्या नियमांत स्त्री उमेदवारांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. मला लागली नाही, पण अर्जाचा नमुना फाईलमध्ये तयार होता.

मुलाखत डिसेंबरात झाली, कोर्सवर्क २०२२ च्या जुलैपर्यंत संपलं. त्यातला संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा विषय मला कंटाळवाणा वाटला होता. तो नंतर सगळ्यात उपयोगी पडला.

संशोधन समितीची, म्हणजे आरडीसीची, बैठक दोनदा पुढे ढकलून ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. माझा मूळ प्रस्ताव मोठा होता. घाटेअळी अनेक कीटकनाशकांना दाद देत नाही, त्यात तिच्या पोटातल्या जीवाणूंचा हात आहे का? प्रश्न हवेतला नव्हता. जपानमध्ये योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की सोयाबीनसारख्या शेंगांच्या पिकांवरचा रिप्टॉर्टस नावाचा ढेकूण दर पिढीत मातीतून बर्खोल्डेरिया जीवाणू पोटात घेतो, आणि ते जीवाणू फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक मोडू शकणारे असले तर ढेकूणही त्या विषात टिकून राहतो. हे वाचून मी भारावले होते.

समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मग सोयाबीनच घ्या ना. माळव्यात बसून हरभरा कशाला?"

सुदैवानं याचं उत्तर तयार होतं. त्या ढेकणाच्या आतड्याला जीवाणू सांभाळायला खास कप्पे असतात. अळीला तसं काही नसतं. तिचं मधलं आतडं म्हणजे एक सरळ नळी. आतला सामू १० च्या आसपास, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याहूनही अल्कधर्मी. खाल्लेलं पान काही तासांत बाहेर. आतून पेरिट्रॉफिक पडद्याचं अस्तर, तेही सतत नवं तयार होतं आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतं. अशा जागी कुणी मुक्कामाला राहील का, हाच मुळात वाद आहे. टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १२४ जातींच्या रानटी अळ्या तपासून मांडलं की पानं खाणाऱ्या अळ्यांच्या पोटात कायमची वस्ती अशी नसतेच. जीवाणू फार थोडे असतात, आणि जे असतात ते बहुतेक पानाबरोबर आलेले. त्याच वर्षी जर्मनीतून आलेलं काम नेमकं उलट्या दिशेचं होतं. इजिप्तकडच्या कापूस-अळीच्या, म्हणजे स्पोडोप्टेरा लिटोरॅलिसच्या, पोटात एन्टरोकॉकस मुन्डटी हा जीवाणू ठाण मांडून बसतो आणि मुन्डटिसिन नावाचं प्रथिन सोडून परक्या जीवाणूंना मारतो. मग आमच्या घाटेअळीत पाहुणे किती आणि घरचे किती? हे कळल्याशिवाय कीटकनाशकापर्यंत जाण्यात अर्थ नव्हता.

समितीनं शीर्षकातून "प्रतिकारक्षमतेतील भूमिका" काढायला लावली आणि "आहाराचा परिणाम" घालायला सांगितलं. तेव्हा चेहरा पडला होता माझा. आज सांगते, शीर्षकात वचनं कमी द्या. पाच वर्षांनी त्याच शीर्षकाखाली सही करायची असते. दुसरं, नोंदणीची तारीख कोर्सवर्कच्या शुल्काची धरणार की आरडीसीची, हे लेखी विचारून घ्या. बैठकीनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यूजीसीचे नवे नियम आले आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती गेली. पण आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम. म्हणजे मला एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं करणं भागच होतं. माझ्यानंतर काही आठवड्यांनी नोंदणी झालेली मैत्रीण सुटली.

पहिला हंगाम २०२२-२३ चा रब्बी. फेब्रुवारीत सांवेर आणि देपालपूरकडच्या शेतांतून अळ्या गोळा केल्या. घाटेअळी एकमेकींना खाते, त्यामुळे डबाभर अळ्या घेऊन घरी आलं तर एक-दोन गुबगुबीत अळ्या आणि बाकी काळी डोकी उरतात. प्रत्येकीला वेगळी कुपी, झाकणाला छिद्र, आत त्याच झाडाचा पाला. कुपीवर शेताचे अक्षांश-रेखांश, तारीख, वाण, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. ही शेवटची नोंद लोक विसरतात. अक्षांश-रेखांश तर पुढे जनुकीय माहिती जमा करताना लागतातच, तेव्हा फोनवर जागच्या जागी टिपून घ्या. एका शेतकरी काकांनी माझा हा सगळा जामानिमा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मैडम, इल्ली मारना है कि पालना है?" मी म्हटलं, आधी पालना है. त्यांनी मुलाला हाक मारून अजून चार अळ्या आणून दिल्या.

संध्याकाळपर्यंत हात चुरचुरत होते. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. सासूबाईंचं माहेर बऱ्हाणपूरचं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरायचे, सकाळी दवात भिजलेलं पिळून आंब बाटलीत भरायचे, पोटदुखीवर द्यायचे. ती आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ रोखतं हे प्रयोगांनी दिसलेलं आहे. इतकं आंबट पान खाऊन अळी ते इतक्या अल्कधर्मी आतड्यात ढकलते, आणि मधे सापडलेल्या जीवाणूला दोन्ही टोकं सोसावी लागतात. मला या अळीबद्दल आदर वाटायला लागला तो इथे. प्रबंधात हे वाक्य घालता येत नाही.

तुलनेसाठी प्रयोगशाळेत वाढलेली अळी हवी होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे जिवंत कीटकांच्या वसाहती मिळतात. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, शुल्क, आणि मग कुरिअरची वाट. उन्हाळ्यात मागवू नका. आणि हे ठळक लक्षात ठेवा: या अळ्यांचं नेहमीचं कृत्रिम खाद्य बेसन, अगर, यीस्ट, जीवनसत्त्वं यांचं असतं, पण त्यात बुरशी लागू नये म्हणून सॉर्बिक आम्ल आणि मिथिल पॅराबेन, आणि बऱ्याचदा स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविकही घालतात. जीवाणूंचा अभ्यास करायचा आणि अळीला प्रतिजैविक चारायचं, हे जमणारं नाही. प्रतिजैविक काढलं की खाद्य लवकर बिघडतं, म्हणून थोडं थोडं आणि वरचेवर करावं लागतं. बेसन मी पाकिटातलं न घेता हरभऱ्याची डाळ राजेंद्र नगरातल्या चक्कीवरून दळून आणायचे, कारण पाकिटात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. सासूबाईंचं म्हणणं, "अळ्यांना घरचं बेसन आणि आम्हाला पाकिटातलं!" त्या महिन्यात पिठलं दोन्हीकडे एकाच पिठाचं झालं.

आतडं काढणं ऐकायला भयंकर, करायला नाजूक, पण महिन्याभरात हात बसतो. अळी बर्फावर दहा-पंधरा मिनिटं ठेवून गार करायची, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची, मग निर्जंतुक पाण्यानं धुवायची. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकायचं नाही. ते पोषक माध्यमावर पसरून ठेवायचं. त्यावर काही उगवलं तर तुम्ही अळीच्या कातडीवरचे जीवाणू पोटातले म्हणून मोजत आहात. मग मेणाच्या तबकात, सूक्ष्मदर्शकाखाली, डोक्यामागे आणि शेवटच्या खंडाजवळ काप देऊन चिमट्यानं हलकेच ओढलं की आतडं अखंड सुटून येतं. घाई केली तर फुटतं आणि हिरवं पाणी सगळीकडे होतं. शेवटच्या दोन अवस्थांतल्या मोठ्या अळ्या घ्या. लहान अळीत हाताला काही लागत नाही.

आता त्या नळ्यांकडे येते.

जीवाणू ओळखायचे दोन मार्ग. एक, तबकडीवर वाढवून. पण सगळे जीवाणू तबकडीवर वाढत नाहीत. दुसरा, आतड्यातला सगळा डीएनए काढून त्यातल्या १६एस या जनुकाचा एक तुकडा वाचायचा. हे जनुक प्रत्येक जीवाणूत असतं आणि जातीगणिक थोडं थोडं वेगळं असतं, त्यामुळे कोण कोण हजर आहे याची यादी मिळते. आमच्याकडे ते यंत्र नाही, बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर ही सेवा हव्या त्या स्वरूपात उपलब्ध नाही असा अहवाल. नमुन्यामागे सहा हजारांच्या आसपास दर आला, वर १८ टक्के जीएसटी. पैसे गाईड मॅडमच्या छोट्या प्रकल्पातले. नमुने परदेशी पाठवायचा विचारही केला नाही, कारण मग चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी, आणि ते प्रकरण वेगळं.

यादीत मी अळ्यांचे नमुने लिहिले होते आणि खाली काही रिकामे: डीएनए काढायचं किट आतड्याशिवाय चालवलेलं, नुसत्या पाण्याची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया), आणि शेवटच्या धुण्याचं पाणी. फाईल लेखा शाखेत गेली आणि तिथेच बसली. एके दिवशी मलाच बोलावणं आलं.

"मैडम, ये नीचे वाले क्या हैं?"

"खाली ट्यूब हैं. मतलब, कंट्रोल."

"खाली ट्यूब की जाँच का पैसा? और भरी हुई के बराबर? ऑडिट में हम क्या बोलेंगे?"

माणूस चुकीचं विचारत नव्हता. नळीत काही नाही हे मीच सांगत होते, आणि त्यासाठी हजारो रुपयांचं बिल मागत होते. मी समजावलं की जिथे मुळात जीवाणू कमी असतात तिथे किटमधले, पाण्यातले, हवेतले परके जीवाणूच यादीत वर दिसू लागतात. सुझाना सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे नीट दाखवलं आहे: नमुना जितका विरळ, तितकी किटच्या रसायनांतल्या परक्या डीएनएची गर्दी जास्त. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाईलवर "औचित्य स्पष्ट करें" लिहिलं. मी दीड पानाचं टिपण जोडलं, सोबत एका नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांचं पान, ज्यात असे कंट्रोल नसतील तर निबंध परत पाठवू असं म्हटलेलं आहे. मे महिन्यात खरेदी समिती बसली. तिथे कुणीतरी सुचवलं की रिकामे नमुने काढून तेवढ्याच पैशांत अळ्या वाढवा. मी बोलायच्या आत समितीतले रसायनशास्त्राचे सर हसले. "आम्ही पन्नास वर्षं ब्लँक टायट्रेशन करतोय. ब्लँक नसेल तर बाकीचे आकडे कशातून वजा करायचे?" पाच मिनिटांत मंजुरी. जे काम माझ्या टिपणानं झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं. तेव्हा समितीत रसायनशास्त्राचं कुणी असेल तर त्यांना आधी भेटून या.

ऑर्डर जुलैत निघाली. तोवर नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये, दुसऱ्या विभागाच्या मेहरबानीवर. मे-जूनमध्ये वीज गेली की मी घरून फोन करायचे, जनरेटर लागला का म्हणून. शेवटी आतडी न पाठवता डीएनए काढूनच पाठवला. अल्कोहोलमधले नमुने कुरिअरवाले विमानानं न्यायला सहज तयार होत नाहीत. डीएनए जेल-पॅकवर व्यवस्थित जातो. सोमवारी पाठवा. शुक्रवारी पाठवलेलं पाकीट रविवारी कुठल्या गोदामात पडून असेल ते सांगता येत नाही.

निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, आणि पहिला धक्का असा की पाला खाल्लेल्या अळ्यांमधला मोठा वाटा जीवाणूंचा नव्हताच. तो हरभऱ्याचा होता. वनस्पतींमधलं हरितलवक हे कोणे एके काळच्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज, त्यामुळे त्यातही १६एस जनुक असतं आणि आपले प्रायमर, म्हणजे ते जनुक हेरून वाचन सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, तेही इमानदारीत पकडतात. यावर पीएनए क्लॅम्प नावाचा उपाय आहे, जो हरितलवकाचं वाचन अडवतो. तो महाग आहे, आमच्या दरात बसला नाही. मग कंपनीला सांगून प्रत्येक नमुन्याचं वाचन जास्त खोल, म्हणजे जास्त तुकडे वाचून, करून घेतलं आणि विश्लेषणात हरितलवक गाळलं. पाला खाणाऱ्या कुठल्याही किडीवर काम करणार असाल तर ही गळती अंदाजपत्रकातच धरा.

विश्लेषणाची सॉफ्टवेअरं, म्हणजे क्यूआयआयएमई टू, डीएडीए टू आणि आर, सगळी फुकट आहेत. पण माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपली नाहीत. मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेल्या संगणकावर रात्री काम चालायचं. मी संगणकाच्या काळ्या खिडकीला घाबरणारी बाई, त्यामुळे शिकायला हिवाळा गेला. प्रत्येक आज्ञा वहीत तारखेसह उतरवून ठेवायचे. तोंडी परीक्षेत ती वही कामी आली.

यादीत एक नाव दिसलं आणि मी खुर्चीतून उठले: ब्रॅडीरायझोबियम. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा जीवाणू! माळव्यात खरिपाला सोयाबीन, त्याच शेतात रब्बीला हरभरा. सोयाबीनचा जीवाणू मातीत राहिला, हरभऱ्यावरून अळीच्या पोटात शिरला, आणि जपानी ढेकणासारखंच काही इथे घडत असेल तर? मनातल्या मनात निबंधाचं शीर्षकही ठरलं. मॅडमना रात्री साडेदहाला संदेश पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर: "रिकाम्या नळ्या पाहिल्यास?"

रिकाम्या नळ्यांत ब्रॅडीरायझोबियम होता. राल्स्टोनियाही होता. दोन्ही नावं सॉल्टरच्या यादीत किटमधले नेहमीचे परके म्हणून दिलेली आहेत. लहान आकाराच्या, विरळ नमुन्यांत त्यांचं प्रमाण जास्त, मोठ्या अळ्यांत कमी. म्हणजे सगळी लक्षणं बाहेरून आल्याची. बिलातली ती रक्कम नसती तर मी माळव्याच्या सोयाबीन-हरभरा फेरपालटावर एक अतिशय सुंदर गोष्ट रचली असती, आणि इथली माती माहीत असलेल्या कुणालाही ती पटली असती.

गाळून उरलं काय? शेतातल्या अळ्यांत बरंच काही, पण शेतागणिक आणि अळीगणिक वेगळं. त्याच शेतातल्या पाल्यावर जे जीवाणू, त्यातलेच बरेच पोटात. सगळीकडे टिकून दिसणारं नाव एकच, एन्टरोकॉकस. दुसऱ्या हंगामात, २०२३-२४ च्या रब्बीत, आम्ही एक साधा प्रयोग जोडला. काही अळ्यांना चोवीस तास उपाशी ठेवून मग आतडं काढलं. पोट रिकामं झालं तशी तबकडीवरची वस्तीही पातळ झाली. आलेले पाहुणे पानाबरोबरच निघून जात होते. एन्टरोकॉकस मात्र काही अळ्यांत उपाशीपोटीही राहिला. "काही अळ्यांत" हे दोन शब्द निबंधाच्या परीक्षकांनी मला तीनदा लिहायला लावले, आणि ते बरोबर होते.

२०२४ मध्ये उलटा प्रयोग केला: काही अळ्यांना मुद्दाम प्रतिजैविक घातलेलं खाद्य, एका गटाला टेट्रासायक्लिनचं, दुसऱ्याला स्ट्रेप्टोमायसिनचं. जीवाणू घटले, अळ्यांच्या वजनात मात्र नजरेत भरेल असा फरक पडला नाही. घाटेअळीला वाढायला जीवाणू हवेतच असं माझ्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. सांवेरच्या काकांनी नंतर विचारलं की मग फवारू काय. त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही, आणि तसं त्यांना सांगितलं. जे आधीपासून माहीत आहे तेवढं सांगितलं: कामगंध सापळे लावा, पक्ष्यांना बसायला इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा, घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एनपीव्ही, फवारलात तर संध्याकाळी फवारा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो.

यानंतरचे कागद भराभर सांगते. तबकडीवर वाढवलेल्या जीवाणूंचे १६एस क्रम जेनबँकमध्ये टाकले, कच्ची वाचनं एसआरएमध्ये. ही दोन्ही जनुकीय माहितीची सार्वजनिक ऑनलाइन भांडारं. आधी बायोप्रोजेक्ट (प्रकल्पाची नोंद), मग बायोसॅम्पल (नमुन्यांची नोंद), मग फायली, हा क्रम उलटला की अडकतं. माहिती निबंध येईपर्यंत झाकून ठेवायची सोय आहे, ती तारीख भरताना नीट पाहा. एन्टरोकॉकसचे निवडक वाण पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राकडे जमा केले. ते स्वतः शुद्धता तपासून मगच क्रमांक देतात, त्यामुळे प्रबंधाच्या आदल्या महिन्यात धाडून चालत नाही. शोधनिबंध दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्यांनी घेतला. झटपट छापून देतो म्हणणाऱ्यांचे संदेश रोज येतील. पैसे भरण्याआधी एखाद्या जाणत्या ग्रंथपालांना विचारा.

साधर्म्य तपासणीत, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का हे पाहणाऱ्या तपासणीत, माझा आकडा पहिल्यांदा १० टक्क्यांच्या वर गेला. पद्धतीचं प्रकरण होतं. "७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्यानं धुतलं" हे जगात सगळे सारखंच लिहितात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य वगळायची मुभा आहे, पण तपासणाऱ्यानं सॉफ्टवेअरमध्ये ती खूण केलेली असावी लागते. ग्रंथालयात शेजारी बसून ती करवून घेतली, आकडा खाली आला.

प्रबंधपूर्व सादरीकरण मार्च २०२५, प्रबंध जूनमध्ये. बांधणीच्या प्रती, शुल्कं, सहामाही फी, कुरिअर, शेतांच्या फेऱ्यांचं पेट्रोल असं धरून माझ्या खिशातून सव्वा लाखाच्या आसपास गेले. बुडालेलं मानधन यात नाही. मग सहा महिने शांतता. परीक्षकांचे अहवाल आले का हे विचारायला महिन्यातून एकदा जावं, दर आठवड्याला नाही. गेल्यावर फाईलचा आवक क्रमांक सांगावा. नुसतं नाव सांगितलं की "देखते हैं" ऐकू येतं.

तोंडी परीक्षा डिसेंबरात. बाहेरच्या परीक्षक मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "टेट्रासायक्लिन अळीच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतं. वजन घटलं असतं तर दोष कुणाला दिला असता, जीवाणू गेल्याला की औषधाला?" घशाला कोरड पडली. मी म्हटलं की वजन घटलं असतं तर मला सांगता आलं नसतं, म्हणूनच स्ट्रेप्टोमायसिनचा गट वेगळा ठेवला होता. आणि दोन्हींनी मिळून घटलं असतं तरी शंका उरलीच असती. जीवाणू परत घालून वजन परत येतं का, हे पाहायला हवं होतं. ते मी केलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पुढचा तासभर हरितलवक, वाचनाची खोली, उपाशी अळ्या यांवर गेला. सोप्या प्रश्नांची तयारी करून गेले होते, ते कुणी विचारलेच नाहीत.

अधिसूचनेनंतर शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, प्रबंध चढवायचं संमतिपत्र, ग्रंथालयाचं आणि प्रयोगशाळेचं ना-हरकत, आणि नावाच्या स्पेलिंगची पडताळणी. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. विवाह प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आधीच दिली होती म्हणून काम थांबलं नाही. मूळ पदवी दीक्षांत समारंभानंतर मिळेल. अतिथी विद्वानांच्या गुणवत्ता यादीत पीएच.डी.चे गुण धरतात, त्यासाठी तोवर अधिसूचनेची आणि तात्पुरत्या प्रमाणपत्राची प्रत जोडली. ती चालली.